पावसात रिपीटर बहिरा होतो: दोष कुठे शोधायचा आणि पुढची अँटेना कोणती बसवायची

सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा कोकणात समुद्राच्या तोंडावर बसवलेल्या दोन मीटर बँडच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या रिपीटरची, म्हणजे एका स्टेशनचा सिग्नल ऐकून तो त्याच वेळी लांबवर पुन्हा पाठवणाऱ्या यंत्राची, ही ठरलेली तक्रार आहे. मे महिन्यापर्यंत सगळं ठणठणीत असतं. वळवाच्या दोन सरी येतात, मृग लागतो आणि लांबची स्टेशनं खरखरायला लागतात. मग अँटेना उतरवून नवी चढवली जाते, काही महिने बरं चालतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. अँटेना बदलूनही दोष परत येत असेल तर एक तर तो अँटेनात नाही, किंवा त्या जागेला त्या प्रकारची अँटेना सोसत नाही. यातलं नेमकं काय, हे बऱ्याचदा टॉवरच्या पायथ्याशी उभं राहूनच ठरवता येतं. तपासण्या सोप्या आणि फुकटच्यापासून अवघड आणि खर्चिकपर्यंत, अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका. वर चढणं हा शेवटचा उपाय आहे.

लक्षणं

• लांबचं, क्षीण स्टेशन रिपीटर उघडतं, पण रिपीटरचा ट्रान्समीटर चालू होताच त्या आवाजात खरखर मिसळते. कधी रिपीटर उघडतो, लगेच मिटतो, पुन्हा उघडतो, असं टकटक करत राहतो. ट्रान्समीटर बंद ठेवला तर तेच स्टेशन रिसीव्हरवर स्वच्छ ऐकू येतं. हाच बहिरेपणा, हॅम मंडळी त्याला डेसेन्स म्हणतात.

• खरखर वाऱ्याच्या झोतासोबत येते आणि जाते. पाऊस नसला तरी येते.

• पाऊस पडून गेल्यावर काही तासांनी त्रास सुरू होतो, आणि दोन-तीन दिवस ऊन मिळालं की आपोआप कमी होतो.

• खरखर नाही, पण रिपीटर सगळ्यांनाच कमी ऐकू येतो आणि रिपीटरलाही सगळे कमी ऐकू येतात.

• विजांच्या गडगडाटानंतर एकाएकी सगळं बिघडलं.

दुसरं लक्षण यांत्रिक दोषाचं आहे: सैल जोड, तुटलेला डाग (सोल्डरिंगचा जोड), घासणारा धातू. तिसरं पाण्याचं. चौथं बहुतेक वेळा केबलमध्ये वाया जाणाऱ्या ताकदीचं, म्हणजे वाढलेल्या घटीचं. पाचव्यात आधी लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे केबलवरून येणारा विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग, पाहायचा. पहिलं लक्षण मात्र कशानेही होऊ शकतं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आधी हे समजून घ्या

रिपीटर एकाच अँटेनावर, एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. दोन मीटरवर या दोन्हींत फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. २५ वॉटचा ट्रान्समीटर म्हणजे +४४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद). चांगला रिसीव्हर ऐकतो ते −११९ डीबीएमच्या आसपास. मधली दरी १६० डीबीहून जास्त आहे. ती डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे राखणारा फिल्टर) आणि रिसीव्हरची स्वतःची निवडक्षमता मिळून सांभाळतात.

पण डुप्लेक्सर फक्त ट्रान्समीटरकडून येणारा कचरा गाळतो. जो कचरा डुप्लेक्सरच्या पुढे, म्हणजे केबलमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा अँटेनात तयार होतो, तो रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर असेल तर डुप्लेक्सर त्याला हवासा सिग्नल समजून थेट आत सोडतो. गंजलेल्या क्लॅम्पमधली किंवा अर्धवट सुटलेल्या डागातली सूक्ष्म ठिणगी एवढा कचरा सहज करते. म्हणून ‘हीच अँटेना घरच्या बेस स्टेशनवर दहा वर्षं चालली आहे’ हा दाखला रिपीटरला लागू पडत नाही. घरी बोलताना आपण ऐकत नसतो. ठिणगी तिथेही उडत असेल, ती कळत नाही इतकंच.

याच कारणाने ‘एसडब्ल्यूआर १.२ आहे, म्हणजे अँटेना बरोबर आहे’ हा समज या कामातला सगळ्यात महागडा समज ठरतो. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या ताकदीचं माप; १ म्हणजे काहीच परत येत नाही. अशा ठिणगीने एसडब्ल्यूआर हलतोच असं नाही. अँटेना-केबल तपासायचं नॅनोव्हीएनएसारखं छोटं यंत्र तर एक मिलिवॉटपेक्षाही कमी ताकद पाठवतं. तेवढ्यावर ठिणगी उडतच नाही. वाईट एसडब्ल्यूआर दोष सिद्ध करतो, पण चांगला एसडब्ल्यूआर अँटेनाला निर्दोष ठरवत नाही.

तपासणी १: वही आणि हवामान (खर्च शून्य)

दोन आठवडे नोंद ठेवा: कोणत्या दिवशी, किती वाजता खरखर झाली, तेव्हा पाऊस, वारा, ऊन यांपैकी काय होतं, कोणत्या दिशेचं स्टेशन होतं. वाऱ्याशी नातं दिसलं तर मल्टिमीटरआधी दुर्बीण काढा. पावसाशी दिसलं तर कनेक्टरपासून सुरुवात करा. दुपारच्या उन्हात त्रास वाढतो आणि रात्री ओसरतो असं दिसलं तर डुप्लेक्सर तापून सरकतोय का, याचा संशय धरा. एकाच दिशेची स्टेशनं कमी ऐकू येत असतील तर अँटेनाचा एखादा भाग मेला असेल किंवा ती वाकली असेल.

तपासणी २: दुर्बीण आणि कोरडा बांबू

टॉवरच्या चारही बाजूंनी दुर्बिणीने बघा. अँटेना कललेली आहे का? फायबरग्लासच्या नळीवर पांढुरकं, केसाळ झालंय का? उन्हाने वरचा थर झिजून काचेचे तंतू उघडे पडले की असं दिसतं, आणि मग नळी पाणी धरते. टोकाची टोपी जागेवर आहे का? केबल बांधलेले प्लॅस्टिकचे पट्टे तुटून केबल वाऱ्यावर फडफडतेय का? फडफडणारी केबल वरच्या कनेक्टरला सतत पीळ देत राहते आणि महिन्याभरात तो सैल होतो.

आग्या मोहोळही याच वेळी बघून घ्या. डोंगरावरच्या टॉवरांवर ती बसतात. मोहोळ दिसलं तर त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा.

मग रिपीटर चालू ठेवून, एका मित्राला लांबून क्षीण सिग्नल द्यायला सांगून, टॉवरच्या पायाला कोरड्या बांबूने ठोका. अँटेनाला हात लावायचा नाही, फक्त खालच्या लोखंडाला ठोकायचं. प्रत्येक ठोक्याला कर्रर्र ऐकू आलं तर सैल धातू कुठेतरी आहेच. तो अँटेनातच असेल असं नाही. जुनी, विसरलेली दुसरी अँटेना, ताणाच्या तारांचे गंजलेले दुवे, कुंपणाची जाळी किंवा शेडच्या पत्र्याचे सैल जे-बोल्टसुद्धा हेच करतात. दोन गंजलेले धातू एकमेकांना टेकले की त्यांचा जोड डायोडसारखा वागतो आणि ट्रान्समीटरच्या ताकदीतून नको त्या फ्रिक्वेन्सी तयार करतो. प्रत्येक पत्रा, प्रत्येक तार वेगवेगळी ठोकून पाहा. कित्येकदा दोष शेडच्या छपरावर सापडतो आणि अँटेनाला हातही लावावा लागत नाही.

तपासणी ३: डमी लोड

सगळ्या तपासण्यांतली ही सर्वांत निर्णायक. डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टवरून केबल काढा आणि तिथे चांगला ५० ओहमचा, रिपीटरची पूर्ण ताकद पेलणारा डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा रोध) लावा. मध्ये एक डायरेक्शनल कपलर (बाजूने थोडासा सिग्नल आत घालू देणारा जोड) किंवा मधली पिन आखूड केलेला टी-कनेक्टर घालून सिग्नल जनरेटरमधून क्षीण सिग्नल द्या. जनरेटरच्या तोंडाशी किमान २० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल घटवणारा तुकडा) हवाच, नाहीतर ट्रान्समीटरची गळती जनरेटर जाळेल.

ट्रान्समीटर बंद ठेवून सिग्नल इतका कमी करा की आवाजामागे खरखर नुकती ऐकू यायला लागेल. आता ट्रान्समीटर चालू करा. आवाज बिघडला तर पहिल्याइतका स्पष्ट करायला सिग्नल किती डीबी वाढवावा लागला ते लिहा. तोच तुमचा डेसेन्स. डमी लोडवर तो शून्य ते एक डीबी असायला हवा. मग तीच चाचणी अँटेना जोडून करा. अँटेनावर एक-दोन डीबी चालवून घेता येतात. तीन किंवा जास्त असेल, किंवा आकडा वाऱ्यासोबत नाचत असेल, तर दोष आहे.

डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर खराब: दोष डुप्लेक्सरच्या पुढे आहे, खालच्या तपासण्यांकडे जा. डमी लोडवरही खराब: टॉवरकडे बघूसुद्धा नका, दोष शेडमध्येच आहे. डुप्लेक्सर, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामधले जंपर, म्हणजे जोडणीच्या छोट्या केबली, आधी बदला. साध्या एकेरी जाळीच्या आरजी-५८ किंवा आरजी-२१३चे तुकडे तिथे नकोत. दुहेरी जाळीची आरजी-२१४ किंवा आरजी-४०० हवी, कारण एकेरी जाळीतून झिरपणारा सिग्नल डुप्लेक्सरला वळसा घालून रिसीव्हरमध्ये पोचतो. जंपर बदलूनही दोष राहिला तर डुप्लेक्सरचं ट्यूनिंग सरकलं आहे असं धरा.

आणि इथे थांबा. कॅव्हिटीचे, म्हणजे डुप्लेक्सरमधल्या ट्यून केलेल्या धातूच्या डब्यांचे, दांडे ‘थोडे फिरवून बघू’ म्हणून कधीही हलवू नका. ६०० किलोहर्ट्झच्या अंतराला प्रत्येक खाच (नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारी पट्टी) इतकी अरुंद असते की पाव फेऱ्यानेही काम बिघडतं, आणि सहा कॅव्हिटी एकदा विस्कटल्या की अंदाजाने परत जुळत नाहीत. डुप्लेक्सर व्हीएनए असलेल्या आणि हे काम आधी केलेल्या माणसाकडेच न्या.

तपासणी ४: अरेस्टर आणि मल्टिमीटर

आकाश निरभ्र आणि आसपास कुठेही गडगडाट नाही अशाच दिवशी अरेस्टर काढा, तात्पुरता बॅरल कनेक्टर लावा आणि फरक पडतो का बघा. वीज जवळ पडली की आतली गॅस ट्यूब अर्धवट निकामी होऊन गळायला लागते. फरक पडला तर ट्यूब बदला, आणि अरेस्टर त्याच दिवशी परत लावा.

आता ट्रान्समीटर बंद करून केबलचं टोक मोकळं करा. पहिल्यांदा मधली पिन आणि बाहेरचं कवच क्षणभर एकमेकांना टेकवून साठलेला स्थिर विद्युतभार उतरवा, मग मल्टिमीटर लावा. अँटेना डीसी ग्राउंडेड असेल, म्हणजे फोल्डेड (दुमडून बंद केलेल्या) डायपोलसारखी, जिच्यात मधली पिन आणि कवच धातूनेच जोडलेले असतात, तर ओहम जवळजवळ शून्य दिसायला हवेत. अँटेनाची रचना उघडी असेल तर अनंत. याच्या मध्ये कुठेतरी, काही किलोओहम किंवा मेगओहम, आकडा आला तर पाणी आत आहे.

पक्की खूण हवी असेल तर मल्टिमीटरच्या तारा उलट करा. आकडा बदलला, किंवा व्होल्टच्या पट्टीवर काही मिलिव्होल्ट दिसले, तर आत पाणी आणि दोन धातू मिळून छोटी बॅटरी तयार झाली आहे. ही खूण सहसा फसवत नाही. एकच सावधगिरी: काही अरेस्टर डीसी अडवतात, मापताना ते मध्ये ठेवू नका.

तपासणी ५: वॉटमीटर, आणि केबलचा फसवेपणा

डुप्लेक्सर आणि केबल यांच्या मध्ये वॉटमीटर लावून पुढे जाणारी आणि परत येणारी ताकद लिहा. २५ वॉट जात असताना १ वॉट परत येत असेल तर एसडब्ल्यूआर १.५ आहे, तेवढा चालतो. पण हा आकडा कोरड्या, निरोगी दिवशीच्या आकड्याशी ताडून बघायचा असतो. तो लिहून ठेवलेला नसेल तर निम्मी माहिती हातातून गेलेली असते.

केबल ओली झाली की एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा दिसतो. ३० मीटर आरजी-२१३मध्ये १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे अडीच डीबी घट होते. वर अँटेना पूर्ण तुटलेली असली तरी सिग्नल जाताना आणि येताना दोनदा घटतो, म्हणून खाली एसडब्ल्यूआर साडेतीनच्या आसपासच दिसतो. हीच केबल पाणी पिऊन ६ डीबी खायला लागली तर तुटलेल्या अँटेनावरही आकडा १.७ येतो. मागच्या वर्षी १.६ असलेला एसडब्ल्यूआर या वर्षी काही न करता १.२ झाला असेल तर आनंद मानू नका, केबल तपासा.

तपासणी ६: नॅनोव्हीएनए

जंपरच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करा, केबलमधला स्थिर विद्युतभार उतरवा, ट्रान्समीटरची वीज भिंतीवरून बंद करा, आणि मगच यंत्र जोडा. १४० ते १५० मेगाहर्ट्झ स्वीप करून आलेखातल्या एसडब्ल्यूआरच्या दरीचा तळ कुठे आहे ते बघा. दरी १४५ वरून खाली, १४२-१४३ कडे सरकली असेल तर अँटेनात पाणी शिरल्याची शंका घ्या; पाण्यामुळे अँटेना विजेच्या दृष्टीने लांब होते. दरी उथळ आणि पसरट झाली असेल तर केबलमधली घट वाढली आहे. टॉवर हलवताना रेषा थरथरत असेल तर सैल जोड.

दोष किती मीटरवर आहे हेही यंत्र सांगू शकतं, पण त्याला केबलचा वेगगुणक (प्रकाशाच्या तुलनेत केबलमधला सिग्नलचा वेग) बरोबर द्यावा लागतो: घन पॉलिथिलीनच्या आरजी-२१३ला ०.६६, फोम असलेल्या अर्ध्या इंची हार्डलाइनला (धातूच्या अखंड कवचाच्या केबलला) ०.८८. चुकीचा गुणक दिला तर यंत्र निरोगी जागेवर बोट ठेवेल आणि तुम्ही चांगली केबल कापाल.

डोंगरावर जवळच एफएम किंवा टीव्हीचा प्रक्षेपक असेल तर हे वाचन डोळे झाकून मानू नका. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. अशा जागी बाहेरचा दणदणीत सिग्नल अँटेनातून यंत्रात शिरून रेषा वेडीवाकडी करतो.

तपासणी ७: खालचे कनेक्टर आणि पर्यायी अँटेना

खालचा बाहेरचा कनेक्टर सोडवा. आतली जाळी काळी पडलेली दिसली तर तेवढाच कनेक्टर बदलून भागणार नाही. पाणी जाळीतून वातीसारखं मीटर-दोन मीटर वर चढतं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापत जा. दोन मीटर कापूनही काळंच दिसलं तर अख्खी केबल टाकून द्या. बाहेर सगळीकडे एन-टाइप कनेक्टर वापरा. पीएल-२५९ पाणी अडवत नाही, त्यावर कितीही टेप गुंडाळली तरी.

टेप लावण्याची रीत: आधी एक थर साधी पीव्हीसी टेप, म्हणजे पुढच्या वेळी सगळं सोलून काढता येतं. मग रबरी, स्वतःला चिकटणारी टेप, अर्ध्या रुंदीपर्यंत ताणून. त्यावर पुन्हा दोन थर पीव्हीसी टेप, उन्हापासून बचावासाठी. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलारू छपरासारखी वरची घडी खालच्या घडीवर येते आणि पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक घडी पाण्याला तोंड उघडून देते. टेपचं शेवटचं टोक ताणू नका आणि ते सुरीने कापा. ताणलेलं टोक आठवड्यात सुटतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, ते कनेक्टरजवळ नको.

याच वेळी पर्यायी अँटेना लावून बघा. चौथाई लांबीची ग्राउंड प्लेन घरी बनते: उभी काडी ४९ सेंमी, खाली ४५ अंशांत झुकवलेल्या चार काड्या प्रत्येकी ५२ सेंमी, मध्ये एन-टाइप सॉकेट. ती एका स्वतंत्र, निरोगी केबलवर टॉवरच्या पायथ्याशी चार-पाच मीटरवर उभी करा आणि रिपीटर तिच्यावर चालवा. पल्ला कमी होईल, पण डेसेन्स गेला तर दोष वरच्या अँटेनात किंवा तिच्या केबलमध्ये आहे हे सिद्ध झालं. राहिला, तर तपासणी २ कडे परत जा. कुठलं तरी गंजलेलं लोखंड नजरेतून सुटलं आहे.

इथे थांबा, जाणकार बोलवा

यापुढचं काम टॉवरवरचं आहे. फुल बॉडी हार्नेस, दुहेरी दोर आणि प्रशिक्षण नसेल तर चढू नका. मोबाइल टॉवरवर रोज चढणारे रिगर हे काम सुरक्षितपणे करतात. काय सोडवायचं, काय मोजायचं आणि कशाचा फोटो काढायचा, एवढं त्यांच्या हातात लिहून द्या. ओल्या टॉवरवर, वाऱ्यात किंवा दुपारी ढग जमायला लागल्यावर रिगरलाही चढवू नका. टॉवरवर एफएम किंवा टीव्हीची अँटेना असेल तर त्या केंद्राच्या अभियंत्याने लेखी कळवून ताकद बंद केल्याशिवाय कोणीही वर जायचं नाही. त्या ताकदीने भाजतं. टॉवर दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर परवानगीशिवाय एक बोल्टही सोडवू नका. अर्थिंगचा खड्डा आणि तडित-रक्षकाचं काम अर्थिंगचं भारतीय मानक ३०४३ माहीत असलेल्या विद्युत ठेकेदाराला द्या. जांभा आणि कातळ दोन्ही जमिनींत अर्थ सहजी मिळत नाही, आणि चुकीच्या अर्थिंगचा पत्ता वीज पडल्यावरच लागतो.

अँटेनाच नादुरुस्त निघाली तर

रिगरने अँटेना खाली आणली की ती आडवी धरून हलवा. पाणी डचमळल्याचा किंवा सुटा तुकडा खुळखुळल्याचा आवाज ऐका. फायबरग्लासच्या नळीत बुडाशी पाणी निथळायचं एक बारीक छिद्र असतं. कोणी तरी पाऊस आत जाईल म्हणून ते सिलिकॉनने बुजवलेलं असेल, तर बिघाडाचं कारण तेच आहे. नळी हवाबंद कधीच राहत नाही. दिवसा तापते, रात्री थंड होते, ओली हवा आत ओढते आणि तिचं पाणी होतं. ते बाहेर पडायची वाट आपणच बंद केलेली असते.

दुसरं नेहमीचं मरण म्हणजे आतल्या तुकड्यांचे डाग सुटणं. लांब कोलिनिअरमध्ये (एकावर एक भाग रचलेल्या उभ्या अँटेनात) आत तारेचे किंवा कोॲक्सचे तुकडे एकापुढे एक डाग देऊन जोडलेले असतात. वाऱ्यात नळी वाकते आणि प्रत्येक वाकण्याला डाग थोडा थकतो. नळीला बाहेरून काही दिसत नाही. अँटेना घरच्या टेबलावर ठीक मोजते आणि वर चढवली की खरखरते. अशी अँटेना दुरुस्त करून परत डोंगरावर नेऊ नका. त्याच जागी तोच प्रकार दोनदा मेला असेल तर तिसऱ्यांदा तोच विकत घेणं म्हणजे पैसे आणि रिगरची मजुरी दोन्ही पाण्यात.

पुढची निवड

दोन मीटरच्या डोंगरी रिपीटरला आमची शिफारस एकच आहे: उघड्या फोल्डेड डायपोलची रांग, दोन किंवा चार डायपोल, संपूर्ण डीसी ग्राउंडेड. प्रत्येक डायपोल ९८ सेंमीच्या आसपासचा जाड ॲल्युमिनियमचा गोल वाकवलेला नळ असतो आणि त्याचा मधला बिंदू थेट खांबाला जोडलेला असतो. पाणी साठायला पोकळ नळी नाही, वाकून सुटतील असे आतले डाग नाहीत, आणि विजेचा भार खांबावाटे जमिनीत जायला वाट आहे. वीज फायबरग्लासची नळी फोडून तुकडे करते. अशा रांगेतला एखादा डायपोल गेला तरी बाकीचे काही दिवस तग धरतात.

तिची कमजोर जागा म्हणजे डायपोल जोडणारा केबलचा हार्नेस. विकत घेताना तिथेच बघा: सांधे साच्यात ओतून बंद केलेले हवेत, टेप गुंडाळलेले टी-कनेक्टर नकोत. हार्नेस खांबाला स्टीलच्या पट्ट्यांनी बांधलेला हवा.

वाऱ्याचा हिशोब स्वतः करा. भारतीय मानक ८७५, भाग ३ प्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला ३९ आणि मुंबईला ४४ मीटर प्रति सेकंद धरतात. डोंगरमाथ्यासाठी तो १.३६ पटीपर्यंत वाढवावा लागतो. ३९ चे ५३ होतात, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. ५ मीटर लांब आणि ५ सेंमी जाड नळीवर त्या वाऱ्यात ढोबळमानाने ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१ किलोचा जोर येतो, आणि तो सगळा बुडाच्या एका क्लॅम्पवर उलटतो. माहितीपत्रकात ४० मीटर प्रति सेकंद लिहिलेली लांब अँटेना तिथे का टिकत नाही ते या आकड्यातच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. कोकणात ही काळजी कागदोपत्री नाही.

गेनच्या, म्हणजे अँटेना ताकद एका दिशेला किती एकवटते त्याच्या, मागे लागू नका. भोवतालच्या सपाटीपेक्षा ७५० मीटर उंच उभा असलेला रिपीटर नुसत्या उंचीने ११० किलोमीटरपर्यंतच्या क्षितिजाला भिडतो. दोन डायपोलची अँटेना चारच्या मानाने फक्त ३ डीबी कमी देते, म्हणजे रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवर अर्धा टप्पा (एस-युनिट). ते देऊन निम्मी लांबी आणि निम्मा वारा मिळत असेल तर सौदा चांगला आहे. आठ-नऊ डीबीच्या अँटेनाची चपटी शलाका तर पायथ्याच्या गावांच्या डोक्यावरून निघून जाते. तीन किलोमीटरवरचं गाव त्या उंचीवरून १४ अंश खाली असतं.

सत्तर सेंटीमीटर बँडच्या रिपीटरला फायबरग्लास चालते, कारण तिथे नळी दीड-दोन मीटरचीच लागते आणि कमी वाकते. दोन मीटरवर फायबरग्लासच घ्यावी लागली तर तीन मीटरच्या आतली, जाड नळीची घ्या आणि छिद्र उघडं ठेवा.

केबल अर्ध्या इंची हार्डलाइन. ३० मीटरला घट जेमतेम ०.८ डीबी. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर कथिलाच्या लेपाची तांब्याची जाळी असलेली लवचिक केबल रिपीटरला लावू नका. दोन धातू एकमेकांवर सैल घासतात आणि वाऱ्यात नेमकी तीच खरखर देतात जिच्यामागे आपण लागलो आहोत. दर मीटरला स्टीलचा हँगर, शेडमध्ये शिरण्याआधी पाणी ठिबकून जायला खाली झोळ, टॉवरच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबलच्या कवचाला अर्थिंग.

खांबाला सी क्लासचा दोन इंची जीआय पाइप आणि गॅल्व्हनाइझ यू-बोल्ट. समुद्राजवळ ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्या. ३०४ वर खाऱ्या हवेने चट्टे पडतात. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमला किंवा जस्ताला टेकू देऊ नका. अँटेनाचं टोक टॉवरच्या तडित-रक्षकाच्या खाली राहील अशी बाजूला बसवा, लोखंडापासून निदान अर्धा मीटर लांब.

नवी अँटेना चढवण्याआधी ती जमिनीवर लाकडी घोडीवर मोकळ्या जागी ठेवून स्वीप करा, रात्रभर तिच्यावर पाण्याची नळी सोडा आणि सकाळी हलवत हलवत पुन्हा स्वीप करा. दोन्ही आलेखांचे फोटो, पुढची-परतीची ताकद, मल्टिमीटरचे ओहम आणि डेसेन्सचा आकडा एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या दारामागे लावा. चढवण्याचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर उरका. मेमध्ये वळवाच्या विजा सुरू होतात आणि मृगानंतर रिगर मिळाला तरी टॉवर कोरडा मिळत नाही. ती घरी केलेली ग्राउंड प्लेन मोडू नका. वेगळ्या केबलसकट शेडमध्ये टांगून ठेवा, भर पावसात मुख्य अँटेना गेली तर ऑक्टोबरपर्यंत रिपीटर तिच्यावर चालतो.